गाणं ओल्या मिरचीच्या भावानं देऊ नका

शेतकरी बंधूंनो, सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, आज या पानावर पपईचा भाव नाही, केळीवरचा करपा नाही आणि पीकविम्याचे रडगाणेही नाही. आज एका खऱ्या गाण्याविषयी बोलायचे आहे. "शेतीच्या पानावर गाणं कशाला?" असे म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरातला पोरगा हातात मोबाईल घेऊन रात्री बारापर्यंत जे काही करतो, त्याचा या गाण्याशी संबंध आहे. आणि त्या पोराला उद्या जो कागद सही करायला देतील, त्याचा संबंध तर थेट तुमच्याशी आहे.

२०२४ सालची लग्नसराई आठवा. शहाद्याचे मंगल कार्यालय असो की मोलगीच्या रस्त्याने पिकअपवर भोंगे बांधून निघालेली वरात असो, एक गाणे वाजल्याशिवाय नवरदेव पुढे सरकत नव्हता. 'गुलाबी साडी'. हळदीला तेच, वरातीला तेच, बिदाईला रडता रडता पोरी नाचल्या तेही त्याच्यावरच. आजोबा मंडळी वैतागली. "हे काय गाणं आहे? ना देवाचं नाव, ना काही अर्थ. साडी नेसली आणि फोटो काढ म्हणे!" तक्रार खरी आहे. गाण्यात एवढीच गोष्ट आहे की एक बाई गुलाबी साडी नेसून नटली आहे आणि आपल्या माणसाने आपला फोटो काढावा असे तिला वाटते. पण जरा विचार करा. आपल्याकडे किती बायकांचा नटून-थटून फोटो काढला गेला? लग्नात एकदा आणि त्यानंतर आधार कार्डासाठी. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या कार्डावरचा फोटो हौसेचा म्हणता येईल का? तेव्हा त्या बाईची मागणी फार मोठी नाही आणि फार उथळही नाही. असो. गाणे चांगले की वाईट, हा आजचा विषय नाही.

हे गाणे केले कुणी? मुंबईच्या नाही, पुण्याच्याही नाही. नंदुरबार स्टेशनवर सुरतेहून येणाऱ्या गाडीत बसलात आणि दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असे करत जळगावला उतरलात की तिथून जवळच धानवड नावाचे गाव आहे. तिथल्या बंजारा घरातला पोरगा, संजू राठोड. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचा. संगीत जुळवले ते त्याच्या भावाने, गौरवने. तो या धंद्यात जी-स्पार्क या नावाने ओळखला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाणे आले ते संजूच्या स्वतःच्या नावाच्या चॅनलवर. व्हिडीओत त्याच्याबरोबर प्राजक्ता घाग ही मुलगी आहे, बाकी फार तामझाम नाही. आधी २०२३ मध्ये त्याचे 'नऊवारी' चालले होते, नंतर २०२५ मध्ये 'शेकी' आले. पण 'गुलाबी साडी'ने जे केले ते वेगळेच. मराठी न कळणाऱ्या लोकांनी त्यावर रील केल्या. हा आकडा कोटींत मोजायचा असतो, आणि कोटी म्हटले की आपल्याला फक्त धरणाची निविदा आठवते!

संजूला लोक रॅपर म्हणतात. रॅप म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तालावर झपाझप बोलत जायचे, अर्धे बोलणे आणि अर्धे गाणे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात, काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्तीत, १९७३ च्या सुमारास हे सुरू झाले. आपल्या देशात त्याचा खरा बोलबाला झाला तो मुंबईच्या वस्त्यांतून, २०१५ च्या 'मेरे गली में' या गाण्याने. मग २०१९ मध्ये 'गली बॉय' नावाचा सिनेमाच निघाला. 'गुलाबी साडी' ही पक्की रॅप आहे की नुसते नाचगाणे, यावर जाणकार भांडतात. भांडू द्यात. ज्यांनी खानदेशातली वही ऐकली आहे, सोंगाड्या पार्टीतला तो तालावर बडबडणारा पाहिला आहे, त्यांना तालात बोलणे ही काही अमेरिकेची देणगी वाटायची नाही.

मला सांगायचे आहे ते निराळेच. या पोराने गाणे विकले नाही, गाणे केले. या दोन शब्दांत जो फरक आहे तो मिरची उत्पादकाला जेवढा कळेल तेवढा दुसऱ्या कुणालाच कळणार नाही.

नंदुरबारच्या बाजारात दसरा-दिवाळीच्या पुढे लाल ओली मिरची येऊ लागते. शेतकरी पोती टाकतो, लिलाव होतो, पट्टी घेऊन घरी येतो. मिरची मात्र घरी जात नाही, ती पथारीवर जाते. तिथे ती वाळते, बाया बसून देठ खुडतात, प्रत लागते, मग ती कुठल्या कुठे जाते. तिचे तिखट होते, त्यावर कुणाचे तरी नाव छापले जाते. शेतकऱ्याला भाव मिळाला तो ओल्याचा. पुढचा सगळा नफा पथारीवाल्याचा. यात पथारीवाल्याचे पाप आहे असे मी म्हणत नाही. त्याने जागा घेतली, भांडवल घातले, मजूर लावले, अवकाळी पाऊस आला तर त्याचीही माती होते. आणि शेतकरी ओली विकतो ते काही वेडा म्हणून नव्हे. त्याच्याकडे पथारी नाही, त्याला सोसायटीचे देणे आहे, मजुरांचा शनिवार आहे. रोख पाहिजे.

गाणे करणाऱ्या आपल्या पोरांचे अगदी हेच चालले आहे.

नवापूरच्या बाजूला रोडाली गाणारे आहेत, गुजरातच्या सीमेवर टिमली वाजवणारे आहेत, तळोदा-शहाद्यात अहिराणी आणि गुजरी बोलणारी पोरे आहेत, धडगावच्या डोंगरात पावरी आणि भिली गाणारी आहेत. त्यांच्यातला एखादा शब्द जुळवतो, दुसरा कॅसिओवर चाल बसवतो, तिसऱ्याचा गळा गोड. कुठल्या तरी स्टुडिओत जाऊन आवाज भरतात. मग उकाईचा फुगवटा, तोरणमाळचा यशवंत तलाव किंवा प्रकाशाचा संगम गाठून व्हिडीओ काढतात. कॅमेरावाला वेगळा, ड्रोनवाला वेगळा, नाचणाऱ्या पोरी वेगळ्या, वडापाव आणि डिझेल वेगळे. एवढे झाल्यावर खिसा रिकामा. तेवढ्यात कुणी तरी चॅनलवाला म्हणतो, "गाणं मला दे, एवढे पैसे घे, विषय संपला." पोरगा खूश. गावभर सांगतो, "मनं गानं निंघनं!" हो, गाणे निघाले. पण ते त्याच्या हातातून निघाले.

ते गाणे पडले तर चॅनलवाल्याचे नुकसान, हे मान्य. पण चालले तर? जाहिरातीचे पैसे चॅनल ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतात. यूट्यूबच्या लांब व्हिडीओवरच्या जाहिरातीत चॅनलमालकाचा वाटा ५५ टक्के असतो, छोट्या व्हिडीओवर ४५ टक्के. गाणी ऐकण्याचे जे अ‍ॅप आहेत त्यांचे पैसे वेगळे. ज्याने शब्द लिहिले त्याच्या नावाचा तिथे पत्ताही नसतो. वर्षभराने त्या पोराने आपलेच गाणे आपल्या नव्या चॅनलवर टाकले, तर 'हे गाणे दुसऱ्याच्या मालकीचे आहे' असा दावा येऊन बसतो आणि त्याचा व्हिडीओ बंद पडतो किंवा त्याचे पैसे परस्पर दुसरीकडे जातात. स्वतःच्या शेतात पाय ठेवायला मनाई! सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढल्यावर जे होते तेच.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण कायदा या बाबतीत आपल्या बाजूने बराच आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. कवी-गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. त्या दुरुस्तीने असे ठरले की गाण्याचे शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांनी हक्क दुसऱ्याला दिले, तरी त्यातून पुढे येणाऱ्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा त्यांना सोडून देता येत नाही. नीट ऐका, सोडून देता येत नाही. वारसांना देता येतो, वसुलीसाठी संस्थेला देता येतो. पण "मी माझा वाटा कायमचा सोडला" असे कंपनीने लिहून घेतले तरी ते टिकणारे नाही. सिनेमातले गाणे टॉकीजमध्ये दाखवताना याला अपवाद आहे, बाकी ठिकाणी हक्क उभा राहतो.

दुसरे असे की हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, सही लागते. तोंडी सौद्याने मालकी जात नाही. त्या कागदात कोणते गाणे, कोणते हक्क, किती वर्षे, कुठल्या मुलखात आणि मोबदला काय, हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरतात. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर तयार छापील कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे दोन शब्द आधीच बसवलेले असतात. सगळा कागद वाचायला वेळ नसला तर एवढे दोन शब्द तरी शोधा. कापसाच्या पट्टीत आपण हमाली, तोलाई, कडता कुठे कुठे लावला ते बोट ठेवून बघतो ना? तसे.

आणि तो कागद असतो इंग्रजीत. इथे ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमचे काम सुरू होते. (सरकारने २०२४ मध्ये तुमचे नाव ग्रामपंचायत अधिकारी केले, पण गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे, रागावू नका.) गावात इंग्रजी कागद वाचून मराठीत अर्थ सांगू शकणारी माणसे किती? तुम्ही, शाळेतले गुरुजी, बँकेतला एखादा आणि तालुक्याला असलेला वकील. पोरगा गाण्याचा कागद घेऊन ग्रामपंचायतीत आला तर "हे आमच्या खात्याचं नाही" म्हणून त्याला वाटेला लावू नका. अर्धा तास लागेल. जमिनीच्या व्यवहारात अंगठा घेऊन फसवल्याच्या किती गोष्टी आपल्या या डोंगरांनी पाहिल्या आहेत! आता पोरे शिकली, अंगठ्याच्या जागी सही आली. पण न वाचता केलेली सही म्हणजे निळ्या शाईचा अंगठाच.

लग्नाच्या गाण्यांविषयी एक गैरसमज आहे, तो जाता जाता काढून टाकतो. वरातीत कुणाचेही गाणे वाजवले तर कुणी पैसे मागायला येईल का? नाही. लग्नसमारंभात, त्याच्या वरातीत, धार्मिक कार्यक्रमात आणि सरकारी किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमात गाणे वाजवायला कायद्यानेच मोकळीक आहे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा बँडवाल्याला कुणी दम दिला तर घाबरायचे कारण नाही. आवाजाचे मात्र वेगळे आहे. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम सगळ्यांना आहे आणि तो आपण कुणीच पाळत नाही.

आता आदिवासी भागातला प्रश्न, आणि हा जास्त नाजूक आहे. एखाद्या पोराने स्वतः रचलेले गाणे त्याचे. पण पिढ्यान् पिढ्या चालत आलेले गाणे कुणाचे? काठीची राजवाडी होळी बघायला दरवर्षी कुठून कुठून माणसे येतात. कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले बावा, बुध्या नाचतात, मोठमोठे ढोल रात्रभर वाजतात. आलेल्यांपैकी निम्म्यांच्या हातात कॅमेरे असतात. ते ढोल भरून नेतात, खाली यंत्राचा ठोका जोडतात आणि 'नवे गाणे' म्हणून टाकतात. कायद्याप्रमाणे जुन्या लोकचालीवर कुणाची एकट्याची मालकी नाही, ती सगळ्यांची. ज्याने ती भरली त्याची मालकी फक्त त्याने भरलेल्या आवाजावर. पण मालकी तपासणारे यंत्र एवढा बारकावा कुठला बघते! उद्या त्याच पाड्यातल्या पोराने तोच ढोल आपल्या मोबाईलवर भरून टाकला, तर यंत्राला दोन्ही सारखेच वाटण्याची भीती आहे, आणि आधी नोंद केलेली असते बाहेरच्याची.

यावर ग्रामसभेला करण्यासारखे पुष्कळ आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हा सगळा पाचव्या अनुसूचीतला मुलूख. १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम आपण गौण खनिज, तेंदूपाने आणि दारूच्या दुकानापुरते काढतो. त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. मग होळीच्या आधीच्या ग्रामसभेत एक ठराव का होऊ नये? धंद्यासाठी चित्रण करायला येणाऱ्याने आधी लेखी कळवावे. ढोल कुणी वाजवला, गाव कोणते, हे व्हिडीओवर लिहावे. भरलेल्या आवाजाची एक प्रत गावाला द्यावी. आणि गावातल्या पोरांनी तोच ढोल वाजवला तर त्यांच्यावर दावा करणार नाही असे लिहून द्यावे. पाहुण्याला हाकलायचे नाही. होळीला आलेल्याला आपण उपाशी पाठवत नाही, मग कॅमेरेवाल्याला कशाला पाठवू? पण पाहुण्याने जाताना घराचा उंबरा उचलून नेऊ नये एवढीच अपेक्षा.

काही शिकलेली मंडळी म्हणतील, भिली-पावरीतल्या गाण्याला बाजार तो केवढा? २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली आणि तिच्या बोली बोलणारे एक कोटीच्या वर निघाले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही, पण माणसे तर आहेत. नंदुरबार, धुळे, तापी, नर्मदा, बडवानी, अलीराजपूर अशी तीन राज्यांतली गावे एकच टिमली नाचतात. अहिराणीचे उदाहरण तर ताजे आहे. सचिन कुमावत आणि अण्णा सुरवाडे यांचे ते केसावर फुगे विकणाऱ्याचे गाणे अहिराणीत आहे, आणि ज्यांना अहिराणीचा 'अ' कळत नाही त्यांच्या पोरांनीही ते तोंडपाठ केले. संजू राठोड घरी गोरमाटी बोलणाऱ्या समाजातला. त्याने मराठी निवडली, ते त्याला फळले. दुसऱ्याला पावरी फळेल. भाषा हलकी आहे म्हणून गाणे स्वस्त द्या, असे कुणी सांगू लागला तर समजा की खरेदीदाराने कडता लावायला सुरुवात केली.

सगळ्या पोरांनी साडीवरच गाणी करावीत असेही नाही. अकोले तालुक्यातली मधुरा घाणे ही महादेव कोळी समाजातली मुलगी माही जी या नावाने रॅप करते. 'जंगलचा राजा' हे तिचे गाणे आदिवासींच्या जगण्यावर आहे. धडगावच्या एखाद्या पोराने दवाखान्याच्या रस्त्यावर, झोळी करून न्याव्या लागणाऱ्या बाळंतिणीवर किंवा शाळेच्या गळक्या छपरावर रॅप केली तर पुढाऱ्यांनो, लगेच पोलीस पाटलाला बोलावू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकारणावर रॅप केली म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका आणि मुंबईच्या एका तरुणावर गुन्हे दाखल झाले. झाले काय? ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनीही ती गाणी शोधून ऐकली. सोंगाड्या पार्टीत सरपंचाचे सोंग निघते तेव्हा सरपंच पुढच्या रांगेत बसून हसतो. हसलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या गावात ते सोंग अजून लांबते.

आता पालकांशी थोडे कडू बोलतो. पोराचे गाणे चालेलच असे नाही. बोअर मारणारे दहा, पाणी लागते दोघांना. आणि इथे तर दहाला दोन हेही प्रमाण फार झाले. 'गुलाबी साडी' चालली म्हणून बैलजोडी विकून, सोसायटीचे पीककर्ज उचलून व्हिडीओ काढायचा विचार कुणी करत असेल तर त्याला आजच थांबवा. उसनवारीने ड्रोन उडवायची काही गरज नाही. मोबाईलवर काढा, अंगणात काढा. गाणे चालायचे असले तर अंगणातूनही चालते आणि पडायचे असले तर ड्रोनवरूनही पडते. बियाणे चांगले आहे का ते आधी एका वाफ्यात पाहावे, मग एकरात पेरावे, हे शेतकऱ्याच्या पोराला मी काय शिकवू?

पण जे करायचे ते कागदावर. गाणे पहिल्यांदा घरात वाजले त्याच दिवशी साध्या कागदावर लिहा: शब्द अमक्याचे, चाल अमक्याची, गळा तमक्याचा, खर्च कुणी किती केला, पुढे पैसे आले तर वाटणी कशी. सगळ्यांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. मित्रामित्रांत असले कागद करायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. भावाभावांतही बांध घालताना लाज वाटतेच, आणि ज्यांनी लाजेखातर बांध घातला नाही ते आज कुठल्या कोर्टात आहेत ते तालुक्याला जाऊन बघा. कॉपीराइटची नोंद सक्तीची नाही, गाणे रचले तेव्हाच हक्क जन्मतो. रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे तो टिकतो. तरी पुरावा म्हणून नोंद करायची असेल तर ती घरबसल्या होते. शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० रुपये, भरलेल्या आवाजासाठी २,००० आणि व्हिडीओसाठी ५,००० रुपये शुल्क आहे. ज्याला परवडत नाही त्याने निदान शब्दांची नोंद करावी. एका खताच्या गोणीपेक्षा स्वस्त आहे. शब्द आणि चाल करणाऱ्यांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस नावाची संस्था १९६९ पासून मुंबईत आहे. प्रसिद्ध झालेले गाणे नावावर असेल तर खेड्यातला माणूसही तिचा सभासद होऊ शकतो.

राहिला चॅनल. चॅनल ज्या ईमेलवर उघडला तो ईमेल कुणाचा आहे, हे आज रात्री पोराला विचारा. बऱ्याच वेळा तो मोबाईल दुकानवाल्याने स्वतःच्या नंबरवर काढून दिलेला असतो, पासवर्डही त्यालाच ठाऊक. आपली बैलगाडी आणि कासरा शेजाऱ्याच्या हातात! पोराचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा नंबर, स्वतःचे बँक खाते. अठरा वर्षांखालचा असेल तर पैशाचा व्यवहार आई-बापाच्या नावे. चॅनलला पैसे सुरू होण्यासाठी एक हजार सभासद आणि वर्षभरात चार हजार तास पाहणे भरावे लागते, किंवा नव्वद दिवसांत छोटे व्हिडीओ एक कोटी वेळा पाहिले जावे लागतात. त्यात महिने जातात. कंटाळून चॅनल विकायला काढणारी पोरे याच टप्प्यावर सापडतात, आणि खरेदीदारही याच टप्प्यावर दारात येतो.

आणि शेवटची अडचण अगदी आपल्या गावची आहे. कमाई दहा डॉलरपर्यंत गेली की गूगलकडून पत्ता तपासण्यासाठी एक पाकीट पोस्टाने येते. त्यात सहा आकडी पिन असतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर पैसे अडकतात. शहरात ते पाकीट दारात पडते. आपल्याकडे पत्ता असा: अमुक पाडा, मुक्काम पोस्ट तमुक, डोंगराच्या पलीकडे. एकाच नावाचे तीन-तीन पाडे, घरांना नंबर नाहीत, पावसाळ्यात पोस्टमन ओढ्याच्या अलीकडेच थांबतो. तेव्हा पोराने अर्ज भरताना पाड्याबरोबर ग्रामपंचायतीचे नाव, जवळची शाळा, पोस्ट आणि पिनकोड नीट इंग्रजीत लिहावा, मोबाईल नंबर घालावा. आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, नमुना ८ मधला घर क्रमांक त्याला शोधून द्या, बाहेरच्या देशाचे वाटणारे पांढरे पाकीट ग्रामपंचायतीच्या टेबलावर येऊन पडले तर ते गावठाणाच्या नकाशाखाली दाबून ठेवू नका. पोस्टमनला सांगून ठेवा की आले की पाड्यावर निरोप धाडायचा.